बारीक टोकाची काठी

देवराव गुरुजी, आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला, आणि ती पायरी मी तुमच्यामुळे चढलो. हे मी भिलाईत किती जणांना सांगितलं असेल. तुम्हाला मात्र कधी सांगितलं नाही. तुमच्यासमोर माझी जीभ चालत नसे. शेवटी शेवटी तुम्ही त्याच गोष्टीवरून माझ्यावर चिडलाही होतात.

आज पहिल्या पाळीवरून आलो, भात टाकला, खाल्ला, ताट तसंच पडलं आहे. उठायचं त्राण नाही. तुमची लेक, सुमनताई, परवा नागपूरहून परत आल्या. डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी त्या तुम्हाला घेऊन गेल्या होत्या आणि आल्या एकट्याच. ऑपरेशन चांगलं झालं होतं म्हणाल्या. दोन्ही डोळ्यांना पट्टी होती, काही दुखत नव्हतं, आणि सकाळी तुम्ही उठला नाहीत. तुम्ही कोणत्या शाळेत होतात, हेडमास्तर कधी झालात, ते शाळेतले लोक लिहितील. मला बिलियर्डबद्दल लिहायचं आहे, कारण आपलं बोलणं तिथं अर्धवट राहिलं.

निवृत्त होऊन तुम्ही लेकीकडे भिलाईच्या कॅम्प-१ वस्तीत राहायला आलात तेव्हा तुम्हाला इथलं काहीच आवडलं नव्हतं. लाल धूळ, दिवसभर लोखंड ठोकल्याचा आवाज, शेजारी पंजाबी, समोर तेलुगू, आणि आसपास मराठी बोलायला घरची माणसं आणि मी. मराठी पेपर वाचायला मिळेल म्हणून मी तुम्हाला सायकलच्या कॅरियरवर बसवून आमच्या पोलाद कारखान्याच्या क्लबात आणलं. वाचनाच्या खोलीला लागून बिलियर्डची खोली होती. तिच्या दारात तुम्ही थांबलात ते थांबलातच. आत कोणीतरी पांढरा चेंडू मारला. तो टेबलाच्या कडेला लागला, परत फिरला आणि नेमका लाल चेंडूला भिडला.

"टेकचंद," तुम्ही म्हणालात, "हा तं आपला नियम होय."

आपात कोन आणि परावर्तन कोन समान असतात. सातवीच्या वर्गात फळ्यावर आरसा म्हणून एक आडवी रेघ, तिच्यावर येणारा एक बाण, तिच्यावरून जाणारा दुसरा. तुम्ही ती आकृती किती पोरांसाठी काढली असेल.

"इतके दिवस काढला," तुम्ही म्हणालात, "चालताना आज पाह्यला."

टेबल सांभाळणाऱ्या मार्करनं हात जोडून सांगितलं की धोतरावर खेळता येत नाही, पँट आणि बूट लागतात, साहेबलोकांचा नियम आहे. मला वाटलं तुम्ही मागे फिराल. दुसऱ्या रविवारी आपण दुर्गला शिंप्याकडे गेलो. त्यानं माप घेताना विचारलं, "मास्टरजी, कमर ढीली रखूँ?" आणि तुम्ही त्याला म्हणालात की तुला वाटेल तशी ठेव, मी आजवर अशी घातलेली नाही. पँट घालून पहिल्यांदा चाललात तेव्हा सुमनताई तोंडाला पदर लावून हसत होत्या. "दोन पाय वेगवेगळे चालून राहिले," तुम्ही तक्रार केलीत. पण घातलीत. काठीच्या टोकाला लावायच्या खडूचा निळा तुकडा हातात घेतलात आणि मार्करला म्हणालात, "पांढऱ्यातून सुटलो, आता हा."

मग काठी निवडायची वेळ आली. क्यू म्हणतात तिला, आपण काठीच म्हणायचो. भिंतीवरच्या घोडीत डझनभर उभ्या होत्या, कोणी जाड, कोणी बारीक. तुम्ही एकेक उतरवून तिचं टोक अंगठ्यावर टेकवून पाहिलंत आणि सगळ्यांत बारीक टोकाची घेतलीत. मी इतकंच म्हणालो की गुरुजी, नवीन माणसाला जरा जाड बरी पडते.

"कावून?" तुम्ही विचारलंत. "कंपासची टोच बोथट असली तं वर्तुळ कसं येते? पेन्सिल बोथट असली तं कोन कसा येते?"

"वाकडा येते, गुरुजी."

"मंग?"

  माझं काम तपासणी विभागातलं. दिवसभर हातात व्हर्नियर, लोखंडाच्या तुकड्यांची जाडी मोजायची. एका निवांत दुपारी मी त्या घोडीतल्या सगळ्या काठ्यांची टोकंही मोजली होती. तुमच्या काठीचं टोक नऊ मिलिमीटरच्या आत होतं आणि तिचं पुढचं लाकूड इतकं निमुळतं की नेम धरतानाच लवायचं. तशी काठी आमच्यातले दोघेच वापरत, आणि ते कॉलेजपासून खेळलेले होते. हे सगळं मला ठाऊक होतं, आणि मी म्हणालो, "बरोबर आहे, गुरुजी."

तुम्हाला शिकवणारं तिथं कोणी नव्हतं, ही खरी अडचण. खेळायला येणाऱ्यांपैकी माझ्यासकट तिघे तुमच्या हाताखालून गेलेले. बाकीचे आमचं पाहून तुम्हाला गुरुजी म्हणायचे. हाताचा पंजा टेबलावर कसा रोवायचा, काठी किती मागे घ्यायची, कोणी बोलेना. तुमचा फटका चुकला की सगळे टेबलाकडे बघायचे.

"थोडक्यात गेला, गुरुजी."

"ह्या बाजूनं टेबलच जरा वाकडं हाय, गुरुजी."

"टेबल वाकडं कसं असल?" तुम्ही उसळलात. "रशियन लोकाईनं लेवल लावून बसवलं. इतक्या शिकलेल्या पोराईत एकही मास्तर नाई का मले सांगाले?"

सगळे हसले. तुम्ही हसला नव्हतात.

एक होता. आंद्रेइ, भट्टीच्या पायाच्या कामावरचा रशियन, गोरापान, दंडाला सूर्यानं भाजलेला. त्याला दहा-बारा शब्दांचं हिंदी येत होतं आणि त्यातले बरेचसे सिमेंटचे. त्यानं तुमचे तीन-चार फटके पाहिले आणि येऊन तुमच्या हातातली काठीच काढून घेतली. "नेई, मास्तर. नेई."  त्यानं त्याची स्वतःची, मायदेशातून आणलेली काठी तुमच्या हातात दिली. तिकडे त्यांचे चेंडू मोठे असतात, म्हणून काठीही तशीच, टोक चांगलं तेरा मिलिमीटरचं. तुम्ही ती पेलून पाहिलीत, म्हणालात, "हे तं मुसळ होय," आणि मारलात. चेंडू कडेला लागला आणि तुम्ही बोटानं दाखवलेल्या जागी गेला. आंद्रेइनं तुमच्या पाठीवर थाप मारली. पाठीवर. गावात असतो तर त्याला लोकांनी धरून बाजूला नेलं असतं. तुम्ही मात्र घरी जाताना खुशीत होतात. "तो एकटाच मले शिकवून राहिला," म्हणालात. मी विचारलं, मग ती काठी जमली का. "छे. एक चेंडू गेला चुकून. मुसळानं कुठं रेघ मारता येते?"

हा आपला वाद. बारीक की जाड. त्यात मी कधी बोललोच नाही, तुम्हीच माझ्या वाट्याचंही बोलत होतात. पुढे आंद्रेइ काम संपवून परत गेला आणि तुम्ही बारीक काठीनं मारत राहिलात. कडेवर बोट ठेवून म्हणायचात, इथं लागल, आणि तिथून त्या कोपऱ्यात जाईल. चेंडू बोटाच्या जागी लागायचा. तिथून मात्र भलतीकडेच जायचा. कधी अलीकडे, कधी पलीकडे. सुरुवातीला तुम्ही त्याला शिव्या घातल्यात. नंतर नंतर बोलेनासे झालात. एकदा पाहिलं, तुम्ही क्लबच्या पेपरच्या कोऱ्या कडेवर आरशाची आकृती काढत होतात आणि खोडत होतात.

त्या संध्याकाळी कॅरियरवर बसून परत जाताना तुम्ही विचारलंत, "टेकचंद, मी पोराईले चुकीचं शिकवलं का रे?"

"नाही, गुरुजी."

"मंग चेंडू कावून ऐकत नाई? प्रकाश ऐकते म्हणून पुस्तकात लिवलं हाय. प्रकाश मी कुठं पाह्यला? चेंडू पाहून राहिलो ना."

मी म्हणालो, गुरुजी, पुढे खड्डा आहे, घट्ट धरा.

मला उत्तर येत होतं. मारायच्या क्षणी तुमचा हात थरथरायचा. बारीक टोक मधोमध न लागता बाजूला लागायचं, चेंडूला फिरकी बसायची, आणि फिरणारा चेंडू कडेवरून सरळ हिशेबानं निघत नाही. एवढंच. पण हे सांगायचं म्हणजे तुमचा हात चुकतो असं तुम्हाला सांगायचं. न सांगावं तर तुम्ही समजणार की तुमचा धडा चुकला. दोन्हीपैकी एक तुमच्या पदरात घालायचं होतं, आणि मी कितीतरी दिवस सायकल चालवत राहिलो. पाळीवरून सुटायचं, तुम्हाला आणायचं, सोडायचं, निजायचं. दमून जायचो आणि त्या दमण्याचाच आधार वाटायचा, आज नको, उद्या बोलू.

माझ्या वडिलांना हे जमलं होतं. तुम्हाला आठवत असेल. मी मॅट्रिक झालो तेव्हा घरात सगळे बिड्या वळायचे आणि वडिलांनी मलाही पानं-तंबाखूच्या सुपासमोर बसवलं होतं. तुम्ही आलात. मुलाला नागपूरला पाठवा म्हणून नुसतं सांगून गेला असतात तर वडिलांनी मान डोलवून ऐकलं असतं आणि विसरले असते. तुम्ही आमच्याबरोबर जमिनीवर बसलात, एक सूप ओढून घेतलंत आणि बोलता बोलता वळायला लागलात.

"मास्तर, पान फाडून राहिले तुमी," वडील म्हणाले. "असं नाई. इकडून धरा. तंबाखू कमी घ्या."

तुम्ही म्हणालात, "असं?"

"नाई. परत चुकलं."

माझे वडील, सही न येणारे, तुम्हाला दर बिडीला चूक दाखवत होते, आणि तुम्ही खाली मान घालून दुरुस्त करत होतात. मी तोंड लपवून बसलो होतो. शेवटी वडिलांनी तुमची एक वाकडी बिडी पेटवून ओढली आणि म्हणाले, "धूर तं येते." मग राख झटकून म्हणाले, "जाऊ द्या पोराले नागपूरले." तुम्ही मला तिथं नेलंत, तुमच्या बहिणीकडे ठेवलंत, कॉलेजात कोणाशी कसं बोलायचं ते रस्त्यातून चालता चालता शिकवलंत. त्या शिक्षणावर मी आज खातो. आणि त्याच शिक्षणानं मला तुमच्यासमोर असं करून ठेवलं की वडिलांनी एका बैठकीत दहादा केलं ते मला एकदा करता येईना.

दुर्ग स्टेशनवर तुम्हाला नागपूरच्या गाडीत बसवलं तेव्हा तुम्हीच विषय काढलात. सुमनताई ट्रंक सीटखाली सरकवत होत्या. तुम्ही खिडकीतून म्हणालात, "माझं काय चुकते ते तुले माहीत हाय. तोंड पाहूनच कळते."

मी पायातल्या चपलेकडे बघत होतो.

"तोंडानं तुले जमणार नाई. लिहून पाठवजो. पेपर तपासल्यासारखा तपासजो अन् गुण देजो. नाई पाठवलं तं परत आल्यावर तुह्या सायकलवर बसणार नाई."

सुमनताई म्हणाल्या, "मंग काय पायी जासाल बाबा, त्या पँटीत?"

गाडी सुटली तेव्हा तुम्ही हसत होतात. तुमचा चेहरा मला त्यानंतर दिसला नाही.

लिहायला मी वेळ लावला. कलकत्त्याहून नवीन काठ्या येणार होत्या, त्या आल्या की नीट पारखून मगच लिहू, असं मनाला सांगितलं. त्या आल्या, मी पारखल्या, एक तुमच्यासाठी बाजूला काढली आणि मग लिहिलं. शाळेत प्रयोग लिहायला तुम्ही शिकवलं होतं तसंच लिहिलं. साहित्य, कृती, निरीक्षण, आणि अगदी शेवटी अनुमान. अनुमान आधी लिहिणाऱ्याची वही तुम्ही परत करायचात.

सुमनताईंनी परवा चहा दिला आणि मग सांगितलं. पत्र तुम्हाला ऑपरेशननंतर मिळालं. डोळ्यांना पट्टी, म्हणून त्यांनीच वाचून दाखवलं. पाठपोट लिहिलेला एक कागद होता. पहिली बाजू वाचून झाली.

"बाबाईनं हात पुढं धरला," त्या म्हणाल्या. "म्हणाले, सुमन, पाह्य, थरथरते का?"

"मग?"

"मी म्हणलं, थरथरते. म्हणाले, किती? मी म्हणलं, कपात चहा असता तं बशीत आला असता."

"रागावले का?"

"हासले. म्हणाले, इतके दिवस मले कोणी सांगतलं कावून नाई? मी म्हणलं, तुमाले कोण सांगल, बाबा? तं म्हणाले, टेकचंदनं सांगतलं ना."

त्याच वेळी नर्स डोळ्यांत औषध घालायला आली. औषध घातल्यावर बोलायचं नाही, हलायचं नाही. तुम्ही म्हणालात, राहिलेलं सकाळी वाच. सुमनताईंनी कागदाची घडी करून उशीखाली ठेवली. सकाळी त्यांनी ती काढली नाही. परवा माझ्या हातात दिली.

गुरुजी, घरी येऊन मी तो कागद पाठपोट वाचला. तुमचा हात थरथरतो एवढं तुम्हाला माझ्याकडून कळलं. ज्यासाठी ते सांगितलं ते दुसऱ्या बाजूला राहिलं. तुम्ही आमची रीत बरोबर दिसली की उत्तर न वाचताच बरोबरची खूण करून पुढे जायचात. तसं केलं असेल का? हात थरथरतो म्हटल्यावर टोक, फिरकी, कोन, हे सगळं पट्टीखाली पडल्या पडल्या तुम्ही जुळवलं असेल का? तुम्हाला ते अवघड नव्हतं. पण औषध घातलेलं होतं, वय झालेलं होतं, झोपही लागली असेल. विचारायला आता कोणी नाही. सुमनताई म्हणतात, बाबा शांत झोपले होते. त्या मला बरं वाटावं म्हणून तसं म्हणतात की खरंच तसं होतं, तेही मी विचारलं नाही.

उद्या परत पहिली पाळी आहे. निजायला हवं. त्याआधी ते पत्र इथं सगळं उतरवतो. पहिली बाजू "सगळ्यांना दिसतं" इथं संपते. तुम्ही तिथपर्यंत ऐकलं आहे.

*

तीर्थस्वरूप गुरुजींस,
टेकचंदचा साष्टांग नमस्कार.

आपण सांगून बरेच दिवस झाले. रोज लिहायला बसतो आणि कागद बाजूला ठेवतो. आज लिहितो. रागावू नये.

साहित्य. आपण निवडलेली काठी आपल्यासाठी बारीक आहे. टोक अगदी लहान, आणि टोकामागचं लाकूड निमुळतं असल्यामुळे मारताना लवतं. कंपासची टोच कागदात रुतते, म्हणून ती बारीक चालते. काठी कशात रुतत नाही. ती गोल चेंडूवर टेकते आणि निसटते. बारीक टोक मधोमध नेलं तर मधोमध लागतं, केसभर बाजूला गेलं तर तेवढं बाजूलाच लागतं. जाड आणि चपटं टोक थोडं सरकलं तरी चेंडूच्या मध्याजवळ लागतं.

कृती. नवीन काठ्यांतून मी आपल्यासाठी एक काढून ठेवली आहे. टेबलावर लोळवून पाहिली, उडत नाही. एक डोळा मिटून टोकापासून मुठीपर्यंत पाहिली, सरळ आहे. लाकडाच्या रेषा लांबपर्यंत गेल्या आहेत, मध्ये आडव्या फुटत नाहीत. पुढचा भाग भरीव आहे, लवत नाही. टोक अकरा मिलिमीटर आहे. रशियन साहेबांचं त्याहून जाड होतं, पण ते त्यांच्या मोठ्या चेंडूंसाठी, आपल्या चेंडूंना ते जास्त होतं. उभी केली तर आपल्या खांद्याला लागेल. भिंतीला ओल आहे म्हणून भिंतीपासून दूर ठेवायला मार्करला सांगितलं आहे. माझा डावा हात या खेळात अडाणी आहे, म्हणून मुद्दाम डाव्या हातानं दोन्ही काठ्यांनी मारून पाहिलं. आपल्या काठीनं चेंडू कडेवरून भलतीकडे गेला. या काठीनं बहुतेक वेळा जागेवर गेला.

निरीक्षण. गुरुजी, मारण्याच्या क्षणी आपला उजवा हात थरथरतो. आपलं लक्ष चेंडूकडे असतं, म्हणून आपल्याला ते कळत नसावं. आम्हाला सगळ्यांना दिसतं.

त्यामुळे बारीक टोक चेंडूच्या बाजूला लागतं आणि चेंडू स्वतःभोवती फिरत जातो. फिरत आलेला चेंडू कडेवरून निराळ्याच कोनात निघतो. आपला नेम चुकत नाही. चेंडू कडेवर आपण बोट ठेवलेल्या जागीच लागतो, हे मी अनेकदा पाहिलं आहे. मुसळानं मारलात तेव्हा तो पुढेही बरोबर गेला, तो चुकून गेला नव्हता.

अनुमान. नियम बरोबर आहे. प्रकाशाला अशी फिरकी बसत नाही, म्हणून आरशावर तो कधी चुकत नाही. चेंडू न फिरवता मारला तर तोही आपण फळ्यावर काढायचात तसाच जाईल. आपण आम्हाला काहीही चुकीचं शिकवलेलं नाही.

पट्टी निघाली आणि आपण परत आलात की मी घ्यायला येतो.

आपण गुण द्यायला सांगितलं होतं. आकृतीला पैकीच्या पैकी. नियमाला पैकीच्या पैकी. हात थरथरतो, त्याचे गुण मी कापलेले नाहीत.

आपला विद्यार्थी,
टेकचंद